मागच्या दारापर्यंत

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशीसुद्धा नाही. देवापुढे बसले की मी दुसऱ्याच चुका कबूल करते, लहानसहान. आज तुमच्यापाशी बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की तेही खरं नाही? कदाचित इतकी वर्षं भिऊन भिऊन मी थकले आहे, एवढंच.

मी नर्स आहे. वॉर्डात माझं नाव चांगलं आहे. सलाईन लावताना सिस्टरचा हात हलत नाही, असं नवीन डॉक्टर एकमेकांना सांगतात. त्यांना काय माहीत? मी भित्री आहे — पहिल्यापासून. हे आधीच सांगून टाकते, पण ते कारण म्हणून धरू नका. प्रतिभाही भीत होती. तिने तसं केलं नाही.

प्रतिभा माझी मैत्रीण. आमचं घर बोरगाव मेघेच्या कडेला, दोन एकर भाजीचा मळा. माय रोज सकाळी वर्ध्याच्या बाजारात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसायची. प्रतिभाचं घर सिंदी मेघेत. पुढे किराणा दुकान, मागे दोन खोल्या. वडील वारलेले, दुकान भाऊ पाहायचा — सुरेशभाऊ. आणि मागच्या खोलीत खाटेवर तिची आई. आम्ही नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा काकूंना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत. आपल्याला काय झालं आहे ते त्यांना पूर्ण कळत होतं.

काकूंचं सगळं प्रतिभा करायची. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर. मी सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जायचे आणि दोघी मिळून करायचो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न दुखवता कसं वळवायचं, हे मी पुस्तकात वाचण्याआधी काकूंच्या अंगावर शिकले. मी अर्चना; त्या मला जड जिभेने 'अच्चू' म्हणायच्या. माझ्या हातचा चहा त्यांना आवडायचा.

आता मी त्या जंगलातल्या केंद्राबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या संस्थेचं — नाव राहू द्या — मोठं रुग्णालय वर्ध्याजवळ, एक छोटा दवाखाना पुलगावकडे, आणि एक केंद्र लांब, गडचिरोलीच्या पलीकडे. शिक्षण झालं की दोन वर्षं संस्था म्हणेल तिथे नोकरी करायची, असा करार होता. दुसऱ्या वर्षी आम्हाला पंधरा दिवसांसाठी त्या केंद्रावर नेलं होतं. तिथे एका दुपारी एक बाई बाळंत झाली. मुलगी छान रडली. आणि मग बाईचं रक्त थांबेना. सिस्टर शेजारच्या गावी लसी द्यायला गेलेल्या, डॉक्टर आठवड्यातून एकदा येणारे. खोलीत प्रतिभा, मी आणि बाईची सासू. सासू माझ्याकडे पाहत होती, कारण मी जास्त उंच, जास्त मोठी दिसत होते.

मी भिंतीला टेकले. मला सगळं पाठ होतं — पोट कसं चोळायचं, कोणतं इंजेक्शन, कुठे. पण हात उठेना. रक्त खाटेवरून खाली टपकत होतं आणि मी त्याचा आवाज ऐकत उभी होते. प्रतिभाने बाईच्या पोटावर दोन्ही हात रोवले आणि दाबून धरले. मला इंजेक्शन आणायला सांगितलं. ते मी आणलं, पण फोडताना माझ्या हातून पडलं. दुसरं तिनेच भरलं. सिस्टर येईपर्यंत ती दाबून उभी होती, घामाने ओलीचिंब. बाई वाचली.

नंतर मी प्रतिभाला म्हटलं, कोणाला सांगू नको. ती म्हणाली, "काय सांगू? तू इंजेक्शन आणलं, मी दिलं." तिला खरंच तसं वाटत होतं की माझ्यासाठी म्हणाली, कळलं नाही.

तेव्हापासून त्या केंद्राचं नाव निघालं की मला एकच दिसायचं. आपल्या हाताखाली कोणीतरी मरणार, आणि आपण भिंतीला टेकून पाहणार.

शेवटचा निकाल लागला. कुठे जायचं, ते ठरवायला आम्हाला बोलावलं. मोठ्या रुग्णालयातल्या जागा वरच्या नंबराच्या मुलींनी घेतल्या. उरलेल्यांत दोन जागांचा प्रश्न होता — एक पुलगावची, एक जंगलातली. आणि आम्ही दोघी उरलेल्या. आदल्या दिवशी प्रतिभा मला म्हणाली होती, "अर्चू, मले पुलगावच पाह्यजे. पुलगाववरून रोज घरी येता येते. आईले टाकून मी नाई जाऊ शकत. मॅडमले सगळं सांगून देतो." आणि मग, "तू जाशील का वं तिकडं? भेव वाटते का तुले?"

मी म्हटलं, "जाईन ना."

असं म्हटलं मी. तिच्या तोंडावर.

हजेरीच्या क्रमाने आत बोलावत होते. माझा नंबर तिच्या आधी. आत मेट्रन मॅडम, संस्थेचे दोन लोक, आणि एक रजिस्टर. मॅडमनी विचारलं, घरची काही अडचण आहे का? आणि मी बोलायला लागले. घरून निघताना मी काही ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. ते खरं आहे का, मला आता सांगता येत नाही. मी म्हटलं, माझ्या आईला अर्धांगवायू आहे, मॅडम. डावी बाजू. दोन वर्षं झाली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. बोलणं जड आहे, पण सगळं कळतं तिला.

मला काही रचावं लागलं नाही. काकूंचं सगळं मला माहीत होतं. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे पुलगाव लिहिलं.

त्या वेळी माझी माय बाजारात बसून भाजीवर पाणी शिंपडत असेल.

मी बाहेर आले आणि प्रतिभा आत गेली. दाराला हिरवा पडदा होता. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण तिथेच उभी राहिले. तिने तिच्या आईचं सांगायला सुरुवात केली, आणि मॅडमचा आवाज बदलला. "आत्ताच एक मुलगी हेच सांगून गेली. डावी बाजू, जड बोलणं, शब्दसुद्धा तेच. तुम्ही दोघींनी ठरवून घेतलं का?" मग दुसरा एक आवाज म्हणाला, चौकशी करू, जी खोटी निघेल तिचं प्रमाणपत्र अडकवू.

तुम्ही कधी कोणाला विचार करताना ऐकलं आहे? मी ऐकलं. तिला सगळं कळलं होतं. तिने फक्त एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं — अर्चनाची आई ठणठणीत आहे, बाजारात जाऊन पाहा.

ती म्हणाली, "माझी आई तशी बरी आहे, मॅडम. मी जाते तिकडे."

पडदा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो बाजूला सारायचा आणि आत जायचं. मी आजवर अनेकांना मरणाच्या दारातून परत आणलं, असं लोक म्हणतात. तो पडदा मला सारता आला नाही.

बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, "तुले सांगाचं होतं ना मले, का भेव वाटते म्हनून." मग सायकल काढून घरी गेली.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. हे प्रतिभाला माहीत आहे आणि तिने मला याची माफीही केव्हाच देऊन टाकली आहे. मी जे लपवलं ते पुढे आहे. थोडं थांबा — मला थोडं थांबू द्या.

पुलगावला मी क्वार्टरमध्ये राहायला गेले. रोज येणं-जाणं शक्य होतं, पण बोरगावला राहिले असते तर कोणी ना कोणी घरी येईल, मायला धडधाकट पाहील, ही धास्ती. पुलगाव लहान, मिलचा भोंगा, डेपोकडे जाणाऱ्या लष्कराच्या गाड्या, आणि पंधरा खाटांचा दवाखाना. काम बेताचं. रक्त फार वाहू लागलं की पेशंट वर्ध्याला पाठवायचा. मला हवं होतं तसंच. पण मी एक दिवस सुखाने जेवले नाही. टपाल आलं की वाटायचं, चौकशीचं पत्र आलं. वर्ध्याहून कोणी आलं की वाटायचं, आता मॅडम बोलावतील. इन्चार्ज सिस्टर फार मायाळू होत्या. दर सोमवारी विचारायच्या, "आईचं कसं आहे? पाठीला जखमा नाहीत ना?" मी म्हणायचे, नाहीत.

आणि मग एके दिवशी सकाळच्या पॅसेंजरने माय आली. न कळवता. डोक्यावर भाजीची पिशवी, पायात झिजलेली चप्पल, वॉर्डाच्या दारात उभी. इन्चार्ज सिस्टर माझ्या शेजारी. त्यांनी विचारलं, "कोण गं या?"

मी म्हटलं, "मावशी."

मायने माझ्याकडे पाहिलं. सिस्टर पुढे होऊन म्हणाल्या, "या मावशी. बहीण कशी आहे तुमची? उठून बसते का आता?" माय माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग हळू म्हणाली, "हाये बाई. हाये तशीच."

स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा तिने विचारलं, "कोन बिमार हाये?" मी म्हटलं, कोणी नाही. "मंग मले मावशी काऊन म्हनली तू?" ती बराच वेळ आपल्या लुगड्याकडे पाहत होती. मातीचे डाग होते त्यावर, सकाळी मेथी खुडून तशीच निघाली होती. म्हणाली, "लाज वाटली का तुले माही?"

मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ती मला हाताला धरून मॅडमसमोर घेऊन गेली असती. तशीच होती ती. मी मान खाली घातली. तिने तो होकार धरला आणि गाडीत बसली. पिशवी माझ्या हातात तशीच राहिली.

माय अजून आहे. दवाखान्यातलं कोणी घरी आलं की ती उठून आतल्या खोलीत जाते. मी बोलावलं तरी येत नाही.

प्रतिभाची पत्रं यायची. तिकडच्या बायांबद्दल, नदीबद्दल, पावसात तुटणाऱ्या रस्त्याबद्दल. मला त्यांत कुठे बोल नसायचा. दिवाळीनंतरच्या एका पत्रात शेवटी लिहिलं होतं: 'आईचं अंग पुसायला सकाळी एक बाई येते, पण कूस बदलते की नाही कोण जाणे. दादा दुकानात असतो. तुला जमलं तर एक चक्कर टाक. पाठ तेवढी पाहा.'

पुलगाव ते वर्धा गाडीने तासभरही लागत नाही. मी दोन महिने गेले नाही. काय होतं मनात? सिंदी मेघेत रुग्णालयातल्या मुली खोल्या करून राहायच्या. मला त्या घरात शिरताना कोणी पाहिलं, आणि काकूंना पाहिलं, तर डावी बाजू कोणाच्या आईची गेली आहे ते कळेल. ही एक भीती. दुसरी मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नाही — काकू माझ्याकडे पाहतील. त्यांना सगळं कळत होतं. त्या विचारतील, पोरगी इतक्या दूर का गेली?

संक्रांतीनंतर एका दुपारी गेले. सुरेशभाऊ दुकानात होते, पुढे गिऱ्हाइकं. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं आली तू. आई दोन दिवसापासून जेऊन नाई राह्यली. जाय ना आत." समोर पोती उघडी पडलेली होती, म्हणून मी म्हटलं, मागच्या दाराने जाते. आणि बोळात शिरले.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी कडीला हात लावला, आणि वास आला.

तो वास कशाचा ते मला कोणी सांगायला नको होतं. पाठीची जखम चिघळली, आत पू धरला, की तसा वास येतो. लोक म्हणतात काहीतरी कुजलंय. नर्सला कळतं किती दिवसांचं कुजलंय. त्या वासावरून मला जखम न पाहताच दिसली — माकडहाडाशी, तळहाताएवढी, कडेला काळी. आणि मला हेही कळलं की आज कोणी ती उघडून साफ केली, काकूंना रुग्णालयात हलवलं, तर अजून वेळ आहे.

पण मी रुग्णालयात नेलं असतं तर नाव लिहावं लागलं असतं. कोण पेशंट, कोणाची आई. तिथे मेट्रन मॅडम होत्या.

दाराची करकर झाली असेल. आतून काकूंचा आवाज आला. "कोन हाये?" जड, ओढलेला. मी श्वास धरून उभी राहिले. "कोन? पतिभा?"

मी हात काढून घेतला. बोळातून, दुकानाला वळसा घालून, मोठ्या रस्त्याने स्टेशनवर गेले. गाडीला दीड तास होता. तो दीड तास मी फलाटावर बसून काढला. दीड तासात परत जाता आलं असतं. दहा वेळा जाता आलं असतं.

त्यानंतर बाराव्या दिवशी काकू गेल्या. केंद्रावरचा फोन बंद होता, निरोप पोचायला दोन दिवस लागले. प्रतिभा आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी भेटायला गेले, कारण न जाणं लोकांच्या डोळ्यावर आलं असतं. प्रतिभा काकूंच्या रिकाम्या खाटेजवळ खाली बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. मला शेजारी बसवून तिने अगदी शांतपणे, नर्सने नर्सला विचारावं तसं विचारलं, "दादा म्हने तू आलती. मागच्या दारानं. पाठ पाह्यली का तू तिची?"

आता तुम्हाला कळलं असेल मी काय म्हणाले.

"हो."

"केवढी होती?"

मी अंगठा आणि बोट जोडून लहानसं गोल करून दाखवलं. म्हटलं, एवढीच. वरवरची. मी साफ केली, ड्रेसिंग करून दिलं. कूस बदलून दिली. त्यांना बरं वाटलं.

तेव्हा ती रडली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, मोठ्याने. "मंग ठीक हाये," म्हणाली. "मले वाटलं कोनीच नाई पाह्यलं तिले. तुहा हात लागला ना तिले. मंग ठीक हाये." मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते. त्याच हाताने.

त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर तिने मला कधीच जवळ येऊ दिलं नसतं. हे मला भयंकर वाटत होतं. आणि त्याहून जास्त भयंकर हे, की तिच्या त्या रडण्याने मला हलकं वाटलं. क्षणभर मला स्वतःलाच वाटलं की मी गेले होते आत.

प्रतिभा दोन वर्षांनंतरही परत आली नाही. म्हणाली, आता कोणासाठी येऊ? तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं, आज ते केंद्र तीच चालवते. तिने किती बाया वाचवल्या याची गणती नाही. लोक म्हणतात, तिचं तिकडे जाणं चांगलंच झालं. मी असं म्हणणार नाही. तो हक्क माझा नाही.

मागच्या वर्षी तिने मला बोलावलं. नुकत्याच पास झालेल्या मुलींची नवी तुकडी तिच्याकडे आली होती, त्यांच्यासमोर दोन शब्द बोल म्हणाली. इतक्या वर्षांनी मी त्या रस्त्याने गेले. केंद्र आता मोठं झालं आहे, भिंतींना नवा रंग आहे. अंगणात सतरंजीवर मुली बसल्या होत्या, विशी-एकविशीच्या, काही जणींच्या चेहऱ्यावर ती भीती मला स्पष्ट दिसत होती. प्रतिभाने माझी ओळख करून दिली. मला वाटलं होतं, बॅचची मैत्रीण म्हणेल आणि थांबेल. ती म्हणाली, "मी इथे होते आणि माझी आई तिकडे अंथरुणाला खिळलेली होती. शेवटच्या दिवसांत तिची जखम या सिस्टरने आपल्या हाताने साफ केली. म्हणून मी इथे राहू शकले. नाहीतर मला झोप लागली नसती."

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. एक जण डोळे पुसत होती.

मी उठून उभी राहिले. हात जोडले. मग पाठीची निगा कशी ठेवायची यावर अर्धा तास बोलले. मुली वहीत लिहून घेत होत्या. प्रतिभा मागे खांबाला टेकून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने परत आले. तिला मी काही सांगितलं नाही.